कोरा रकाना

४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना आई कान टवकारून बसलेली असते, म्हणून पत्र. डॉक्टरांनी काल मला बाजूला घेऊन सांगितलं, महिना, फार तर सव्वा महिना. तिला काही बोललेले नाही, पण तिला उमगलं असावं. रोज तुझी गादी उन्हात टाकायला लावते. मला जिना चढून दम लागतो, आणि ही पलंगावरून विचारते, नीट झटकलीस का!

तुझी लाँड्री, तुझी ती चादरी धुवायला पाठवणारी हॉटेलं, सगळं मान्य. पण दहा दिवस चादरी मळक्या राहिल्या म्हणून आभाळ कोसळत नाही. सहा वर्षं झाली तुला परदेशी जाऊन. आमचे हे तिथे आहेतच, त्यांना म्हणावं सांभाळा दहा दिवस. कळू दे मालकी म्हणजे काय असते. कधी निघतोस ते उलट टपाली कळव.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
ताई

१६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानेच वाचलं. मग मशीनमागे जाऊन पुन्हा वाचलं. तिथे आवाज इतका असतो की रडलेलं कोणाला ऐकू जात नाही.

गेल्या आठवड्यात विद्यापीठातल्या एक बाई आल्या होत्या. परक्या देशात येऊन धंदा काढणाऱ्यांवर संशोधन करतात. वाफ बसलेला चष्मा पुसून पुसून बेजार, पण दोन तास हलल्या नाहीत. आपलीच माणसं कामाला का ठेवता, असं विचारलं. मी छाती फुगवून म्हणालो, विश्वास. मग म्हणाल्या, तुम्ही गावी गेलात तर कोण बघतं? मी परवान्याच्या अर्जाची प्रत पुढे केली.

आपल्या नऊही माणसांचे इथे राहून काम करायचे परवाने या एका अर्जावर आहेत. निकालाला अजून तीन महिने. तोवर व्यवस्थापकाने, म्हणजे मी, देश सोडला की अर्ज बाद, आणि नऊही जणांची परत पाठवणी. भाऊजींचीसुद्धा. दुसरा व्यवस्थापक नेमायला अर्जात एक रकाना होता. भाऊजींचं नाव घातलं असतं तर मावसभाऊ रुसला असता, तो पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर राबतोय. त्याचं घातलं असतं तर तू वर्षभर माझ्याशी बोलली नसतीस. कोणाचंच मन मोडायला नको म्हणून मी रकाना कोरा ठेवला. आता त्यात नाव घालता येत नाही, वकिलाला दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, हा रकाना त्यांना बऱ्याच ठिकाणी कोराच सापडतो.

भाऊजींना यातलं काही ठाऊक नाही. मालक म्हणे मी! कैदेत आहे ताई, आणि किल्ल्या माझ्याच कमरेला. तरी तू ये म्हणालीस तर येईन. तूच सांग.

आईच्या पायाशी डोकं ठेवून,
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आधी तुला मनसोक्त शिव्या घातल्या, मग पत्र पुन्हा वाचलं. खरं आहे, वर्षभर बोलले नसते. यांना घेऊन जा म्हणून तुझा जीव मीच खाल्ला होता. इथे सात वर्षं हे कामधंद्याविना दाराशी खुर्ची टाकून बसायचे, शेजारी विचारतील म्हणून मान वर करायचे नाहीत. आता फोनवर हसतात. दोन वाक्यांत दोनदा आमची लाँड्री म्हणतात. मला ते हसणं जाऊ द्यायचं नाही. आई मरायला टेकलीय आणि मी नवऱ्याच्या हसण्याचा विचार करतेय, माझी मलाच लाज वाटते.

येऊ नकोस.

आईला म्हटलं, त्याला निघता येत नाही. तिला वाटलं, कोणी साहेब रजा देत नसेल. उठून बसायची ताकद नाही, तरी म्हणाली, त्या माणसाला फोन लाव, मी बोलते त्याच्याशी. कोण अडवतंय माझ्या लेकाला, नाव सांग त्याचं. दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिच्याजवळ बसले आणि सांगितलं, मी.

जमलं तर लोभ ठेव,
ताई