अर्ध्यावर थांबणारी डिकी

सोमवार, ३
आले बाई एकदाची कामावर! गॅरेज झकास आहे. स्वच्छ फरशी, खिडकीखाली माझं स्वतःचं टेबल आणि वायरी तपासायचा मीटर चक्क चालू. मालकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, बाईमाणसाला वायरिंग झेपेल का. म्हटलं, वायरीला कळत नाही हात कोणाचा ते. ओशाळून हसले बिचारे. इथली एक रीत मात्र मला फार आवडली. विजेवर चालणारी डिकी दुरुस्त केली, की गिऱ्हाइकासमोर ज्यानं काम केलं त्यानंच बंद होणाऱ्या डिकीखाली स्वतःचा हात धरायचा. हाताला लागताच ती थांबून वर गेली, तरच गाडी द्यायची. याला म्हणतात काम!

मंगळवार, ४
पहिलीच गाडी करडी, उंच टपाची. एका ताईंची आहे. त्यांचे वडील चाकांच्या खुर्चीत असतात. फळी लावून त्यांना खुर्चीसकट डिकीतूनच चढवतात. बसले की त्यांचं डोकं अगदी डिकीच्या काठाजवळ येतं. तक्रार अशी, की डिकी बंद होताना अर्ध्यावर थांबते आणि परत वर जाते. शुक्रवारी वडिलांना दवाखान्यात न्यायचंय. म्हटलं, शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

बिजागरीपाशी वायरी रबराच्या नळीतून जातात, आणि रोजच्या उघडझापीनं तिथेच तुटतात. नळी सोलली, तर दोन तुटलेल्या. जोडल्या, कथलाचा डाग दिला, टेप गुंडाळली. डिकी तरीही अर्ध्यावर थांबली. असू दे. मीही काही कमी हट्टी नाही. विचारा माझ्या नवऱ्याला.

बुधवार, ५
आज माझं डोकंच फिरलं. डिकीच्या काठाला रबरी पट्टी असते. तिच्यावर दाब आला की डिकी थांबते. ती पट्टी कोणीतरी मुद्दाम तोडून ठेवलीय आणि वायरींच्या टोकांना एक रेझिस्टर डकवलाय, म्हणजे यंत्राला कायम वाटावं की सगळं आलबेल आहे. असली फसवाफसवी, आणि तीही म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर! मालक म्हणाले, आधीच्या इलेक्ट्रिशियननं घाईत केलं असेल. तो कुठे आहे विचारलं, तर त्यांना एकदम फोन आला, जो वाजलाच नव्हता.

चहा घेताना एक गोष्ट डोक्यात आली आणि कप तसाच राहिला. पट्टी मेलेली होती, तर डिकी थांबत कशामुळे होती?

गुरुवार, ६, सकाळ
नवी पट्टी बसवली. मोटरच्या वायरीला मीटर लावला. खाली येताना सहा अँपिअर. अर्ध्यावर आली की वीस. म्हणजे मोटर खाली रेटतेय आणि आतून कोणीतरी वर ढकलतंय. आत कोणी नाही. तीनदा पाहिलं.

हात घातला. तिथे दुसरा हात होता. गार, खरखरीत, कामाचा हात. त्यानं माझा हात बाजूला सारला.

मी किंचाळले नाही. शिवी दिली. मग टेबलापाशी येऊन हे लिहायला बसले.

गुरुवार, दुपार
मालकांना सांगितलं. ते पांढरेफटक पडले आणि शेवटी बोलले. पट्टी बिघडली होती, नवी यायची वाट नको म्हणून आधीच्या इलेक्ट्रिशियनला ती तोडायला त्यांनीच लावलं होतं. तो माणूस तपासायला वाकला आणि डिकी थांबली नाही. मानेवरच आली, जागीच गेला. गाडी धुऊन परत दिली, ताईंना अवाक्षर सांगितलं नाही. तेव्हापासून ती अर्ध्यावर थांबते.

वर मला म्हणतात, मोटरचा जोर वाढव, होईल बंद. मी साफ नाही म्हटलं. काढून टाका मला. त्या खुर्चीतल्या बाबांना मी या डिकीखाली जाऊ देणार नाही.

शुक्रवार, ७, नऊ वाजता
मालक माझ्याआधी आले होते. जोर वाढवून ठेवलाय.
मी बॅटरीच काढली. टेबलावर ठेवली. डिकी तरीही खाली आली — पट्टीवर माझा हात होता — थांबली नाही. डाव्या हातानं लिहितेय. उजव्याची दोन बोटं —
आता कळलं. ढकलणारा तो गेलेला इलेक्ट्रिशियन आहे, आपलाच माणूस. तो धरून ठेवतोय. वखवखलीय ती ही डिकी. एकाला खाल्लंय, तिला चटक लागलीय.

साडेनऊ
मोटरचा दांडा कापायला आत शिरले. वरून डिकी आली. पाठीनं अडवलीय. पुढे सीटमागे जाळी, तिकडून वाट नाही. मालकांनी मला पाहिलं, मी ओरडले — त्यांनी बाहेर जाऊन गॅरेजचं शटर खाली ओढलं. भेकड!
माझ्या खांद्याला लागून दुसरा खांदा आहे. थरथरतोय. दमलाय बिचारा. म्हटलं, दादा, आता मी आहे.

बाहेर ताईंचा आवाज. पाठीवरच्या भारानं आता मला ओरडताही येत नाही. मालक गोड बोलताहेत, पाच मिनिटांत गाडी देतो म्हणे. खुर्चीची चाकं वाजताहेत.

ताई, हे पान डिकीच्या फटीतून टाकतेय, फरशीवरचा पंखा चालू आहे, तो शटरखाली ढकलेल. बाबांना या गाडीत बसवू नका. कोणी काहीही सांगू दे. बॅटरी नसली तरी ही —

शेजारचा खांदा गेला.

जाऊ दे. एकटी पुरेन. ये म्हटलं, ये, बघू तुझा जोर. ताई, बाबांना घेऊन लांब जा, तोवर मी धर