न्हाणीच्या चुलीवरची न्याहारी

आई,

आज सकाळी लेकीच्या घरी पुन्हा तोच तमाशा झाला. माझी नात, म्हणजे तुझी पणती, नववीत आहे. शाळेची बस खाली उभी, बाईसाहेबांचा एक बूट पायात, एक हातात, आणि मागे तिची आई दुधाचा पेला घेऊन धावते आहे. पोरगी म्हणते मला भूक नाही, आई म्हणते दोन घोट तरी घे, आणि मी खुर्चीत बसून हसते आहे. लेक माझ्यावरच उखडली. "हसतेस काय? तुझी आई काय द्यायची तुला एवढ्या सकाळी?" मी म्हटलं, "पानगी. न्हाणीच्या चुलीत भाजलेली." दोघींनी अशी तोंडं वाकडी केली की मला रागच आला. त्यांना सगळं सांगायला वेळ नव्हता, बस गेली असती. म्हणून तुला सांगते आहे. तुला हे सगळं माहीत आहे, पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

पाम गावातल्या आपल्या घरात सकाळ कशी सुरू व्हायची ते मला अजून पाठ आहे. बाबा रहाटाला बैल जुंपायचे आणि तू वाडीत जाऊन पाटाचं पाणी केळींकडे, मग पानवेलींकडे वळवायचीस. घर आत्याच्या ताब्यात असायचं. बाबांची ही थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. देव तिचे आणि स्वयंपाकघरातली चूलही तिची. ती चूल सारवून, आत्याची आंघोळ होऊन, देवापुढं दिवा लागल्याशिवाय पेटायची नाही, आणि तोवर घरात कोणी तोंड उष्टं करायचं नाही. बाबांनीही नाही. वाडी शिंपून झाली, ऊन पडवीत आलं, की सगळे एकदम तांदळाची भाकरी खायला बसत. आज लोक असल्या गोष्टी ऐकल्या की आत्याला खाष्ट ठरवून मोकळे होतात. मला तसं वाटत नाही. त्या नियमात दुष्टपणा नव्हता. आपल्या घरातली एखादी पोरगी अंधारात उठून, दप्तर घेऊन पालघरला जाईल, असं तो नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं, एवढंच.

गावातली शाळा सातवीला संपली. पालघरच्या शाळेत मुलींचे वर्ग सकाळचे भरत. पहाटेची एस.टी. पकडून बोईसर, तिथून आगगाडीनं पालघर. जवळच्या दांडी गावातल्या एका मच्छीमाराची मुलगी माझ्याबरोबर होती. तिचे वडील म्हणाले होते, ती जात असेल तर हिला पाठवतो, आणि बाबाही तेच म्हणाले होते. म्हणजे एकीची शाळा सुटली की दुसरीची आपोआप सुटणार. अशा टेकूवर आमचं शिक्षण उभं होतं. आणि मी काय केलं, तर दुसऱ्याच महिन्यात प्रार्थनेला उभी असताना डोळ्यांपुढं अंधारी येऊन धाडकन पडले. वय वाढीचं आणि पोट रिकामं, दुसरं काय होणार! बाईंचा निरोप घरी आला. बाबा ओरडले नाहीत. बैलाच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "पोरीला झेपत नाय तर कशाला? आता परत पडली तर शाळा बंद." बाबा एकदा बोलले की तो शब्द दगडावरची रेघ असायचा, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत होतं?

तू तेव्हा काहीच बोलली नाहीस. मला तुझा रागच आला होता. मला वाटलं, हिला काही पडलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी आंघोळ करून वेणी घालत होते, तर तू मला मागच्या दारी बोलावलंस. न्हाणीबाहेर आपली दुसरी चूल होती, आंघोळीचं पाणी तापवायची. ती सगळ्यांच्या आधी पेटायची, कारण पाणी तापल्याशिवाय आत्याची आंघोळ कशी व्हायची? तिला सारवण नाही, सोवळं नाही, तिच्यावर कोणाचा नियम नाही. तू त्या चुलीतून काळपट झालेली केळीच्या पानांची पुडी चिमट्यानं ओढून काढलीस. आत तांदळाचं पीठ, गूळ आणि कुस्करलेलं पिकलं केळं. पानाला चिकटलेली, कडेनं खरपूस, मध्ये मऊ. मी लगेच तोंडात घालायला गेले तर माझ्या हातावर फटका मारलास.

"घरात नाय. देवाच्या आधी घरात खायचं नाय."

"मग?"

"मग घरात खाऊ नको. कुंपणाबाहेर गेलीस की खा. रस्ता काय आपला घर हाय?"

मी पुढं आयुष्यभर शाळेत शिकवलं. नियमांच्या पुस्तकातून वाट काढणारे पुष्कळ शहाणे पाहिले, पण तुझ्या नखाची सर एकाला नव्हती. तू कोणाशी भांडली नाहीस, कोणाचा देव बाटवला नाहीस, आणि पोरीच्या पोटात गरम घास गेला. तो तयारही व्हायचा माझी वेणी होईपर्यंत. संध्याकाळीच पीठ कालवून ठेवायचीस, पानं पुसून ठेवायचीस, आणि पाण्याच्या हंड्याखाली जाळ घातला की बाजूच्या निखाऱ्यावर पुडी. कधी राखेत पुरलेलं रताळं, कधी काकडी किसून घातलेली पानगी, कधी पिठात ओलं खोबरं. एस.टी.त आम्ही दोघी पुडी सोडायचो आणि सगळ्या गाडीभर वास जायचा. त्या वर्षांत तारापूरकडे मोठं बांधकाम निघालं होतं. बोईसरच्या स्टँडवर परमुलखातले कामगार उभे असत. त्यातला एक म्हातारा एकदा म्हणाला, "बेटी, घर की याद आ गई." मी त्याला अर्धी दिली. तुला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी पुडी मोठी.

मग अंड्याचं आलं. दांडीच्या मैत्रिणीच्या आईनं आपल्याकडच्या केळ्यांच्या बदल्यात कोंबडीची अंडी पाठवली आणि निरोप दिला, पोरीला रोज एक उकडून द्या, पडायची नाय. घरात अंडं उकडायचं कुठं? आत्यानं मासळी-अंडी सोडलेली. आपल्यासाठी मासळी शिजायची ती मागच्या पडवीत, दुपारी, वेगळ्या भांड्यात. पहाटे तेवढा वेळ कुठला! तू अंडं धुतलंस, फडक्यात बांधलंस आणि आंघोळीच्या हंड्यात कडेला सोडून दिलंस. पाणी तापता तापता अंडं तयार, आणि आत्या न्हाणीत यायच्या आत तू ते काढून घ्यायचीस. मला ते अंडं अजिबात आवडायचं नाही, फडक्याचा वास यायचा. पण तुझी ती युक्ती पाहून मी इतकी खूश होते की नाक धरून खायची.

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. आत्या नेहमीपेक्षा लवकर उठली आणि तू वाडीत असतानाच न्हाणीत गेली. थंडीचे दिवस, आणि त्या दिवशी तू गार अंडं कडकडीत पाण्यात सोडलेलं. अंडं फुटलं असणार. मी पडवीत वेणी घालत होते. आतून आधी आवाज आला, "साबण कोणी टाकला गो पाण्यात?" मग अशी किंकाळी, की बाबा रहाट सोडून धावत आले. आत्या ओलेत्यानं बाहेर उभी. खांद्यावर, केसांत पांढऱ्या चिकट तारा, आणि हातात ते फडकं. आज लिहिताना मला हसू येतं आहे. तेव्हा माझ्या हातातली वेणी तशीच सुटली होती.

"हे काय हाय?" आत्यानं तुला विचारलं.

तू वाडीतून धावत आली होतीस, पाय चिखलानं भरलेले. खोटं सांगता आलं असतं. तू म्हणालीस, "अंडं हाय, वन्सं. पोरीसाठी टाकलेलं."

आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मार्गशीर्षाचा गुरुवार, आणि तिच्या अंगावर अंडं. तिचं ते रडणं खरं होतं, त्याची मी कधी चेष्टा केली नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बस झाली शाळा. घरात हे असले धंदे? उद्यापासून बंद."

आणि तू बोललीस. बाबांच्या समोर एवढं बोलताना मी तुला त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "तिनं काय केलं? अंडं मी टाकलं, पाणी मी तापवलं. मला बोला. वन्सं, मी हंडा घासते, पाणी परत काढते, परत तापवते. तुमची आंघोळ, पूजा होईस्तोवर मी पाण्यालाबी तोंड लावणार नाय. पण पोरगी उपाशी जाणार नाय. जागा तुमी सांगा. गोठ्यात सांगा, गोठ्यात शिजवते. वाडीत सांगा, वाडीत शिजवते." मग माझ्याकडे वळून ओरडलीस, "तू काय बघतेस? एस.टी. जाईल!"

हंड्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होतीस, आई. तू घाबरली होतीस, आणि घाबरलेली असूनही बोललीस. तुझ्याइतकी शूर बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही. मी रिकाम्या पोटी पळत सुटले. त्या दिवशी प्रार्थनेला मैत्रिणीचा दंड घट्ट धरून उभी राहिले. प्रार्थनेचा एक शब्द तोंडून निघाला नाही. आज पडले तर आईचं सगळं बोलणं वाया जाईल, एवढं एकच डोक्यात होतं. पडले नाही.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती घंटेच्या आवाजानं. बाहेर काळोख, आणि आत्याची पूजा चालली होती. स्वयंपाकघरातली चूल सारवून तयार. आत्यानं माझ्या हातावर प्रसादाची साखर ठेवली आणि तुला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "देवाला मी लवकर उठवीन. त्याला काय, त्याला कुठं शाळेत जायचं हाय? उठून परत झोपेल. पण अंडं पडवीतच, आणि भांडं वेगळं." बाबांनी चुलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कालचा शब्द तिथंच सोडून रहाटाकडे गेले. त्या दिवसापासून मी घरात, चुलीपुढं पाटावर बसून, गरम भाकरी खाऊन शाळेत गेले. चूल आत्याची होती, देवही आत्याचे होते, पण ते सगळं घर पहाटे उठवलंस तू.

मॅट्रिकला मी आणि दांडीची मैत्रीण, दोघीही पास झालो. तू वाडीत केळीची पानं कापत होतीस. बातमी ऐकलीस, विळा खाली ठेवलास आणि विचारलंस, "आता ह्याच्या पुढं काय असतं गो?" मी म्हटलं, शिक्षिका व्हायचं कॉलेज. लांब आहे, तिथंच राहावं लागतं. मला वाटलं, तू विचारशील किती लांब, कोणाबरोबर, लोक काय म्हणतील. तू विचारलंस, "तिथं सकाळी खायला देतात काय?"

"देतात की. पोहे, उपमा. रोज वेगळं."

तू पुन्हा विळा उचललास. त्याच संध्याकाळी बाबांना म्हणालीस, "पाठवा तिला. तिथं पोटाची सोय हाय."

नंतर मी दर आठवड्याला पत्र पाठवायची आणि बाबा तुला ते वाचून दाखवायचे. सकाळी काय खाल्लं ते मी आधी लिहायची, कारण तू तेवढंच दोनदा वाचून घ्यायचीस, असं आत्या सांगायची. हे पत्र वाचून दाखवायला आता बाबा नाहीत, ऐकायला तू नाहीस. ते माझ्याजवळच राहील. म्हणून सांगते. तिथं सकाळी नुसता कोरा चहा मिळायचा, आई, आणि ते मला घरातून निघायच्या आधीच ठाऊक होतं. पत्रातल्या सगळ्या न्याहाऱ्या मी मनानं शिजवल्या होत्या. तुला फार आवडला होता तो केळं घातलेला शिरासुद्धा.