कोटांच्या मागे

बुधवार, ६ मार्च

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल आणि नाटकाच्या कपडेपटात तुला घटकाभर श्वास घ्यायला सवड मिळत असेल, असं धरून चालते. तुझ्या नव्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही आणि मागायचं धाडस झालं नाही, म्हणून हे पत्र नाट्यगृहाच्या पत्त्यावर टाकते आहे. कुणी फोडलं तर फोडू दे. एका म्हातारीच्या भटकंतीशिवाय त्यात काही नाही.

मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालते. खरं तर नुसती चालतेच आहे. सकाळी कप विसळून ठेवला की घर खायला उठतं, मग बूट चढवायचे आणि निघायचं. परवा बटणवाल्याकडे गेले, त्याचे सगळे डबे उघडले, सगळे झाकले आणि काहीही न घेता बाहेर पडले. तो म्हणाला, "ताई, काय हरवलंय ते तरी सांगा, शोधायला बरं पडेल." काल बसमध्ये बसले आणि मधेच तळ्यापाशी उतरले. का, ते विचारू नकोस. बाकावर बसून बदकं बघत राहिले. थोड्या वेळाने तीही कंटाळून पलीकडच्या काठाला गेली.

सुई हातात टिकत नाही. दोन टाके घालते, तीन उसवते.

चिरंजीव ठीक आहेत. दिवसभर लोकांची तोंडं उघडायची आणि घरी आल्यावर स्वतःचं मिटून घ्यायचं, हा दंतवैद्याचा धर्म तो अजून पाळतो. तुला हे मी सांगायला नको.

बरं, खरी बातमी पुढेच आहे. जुन्या पोस्टाच्या इमारतीत गोधड्यांचं प्रदर्शन लागलंय. पांघरायच्या नव्हेत, भिंतीवर टांगायच्या. मी शनिवारी गेले होते. आत शिरल्याबरोबर समोर एक भिंतभर करडी गोधडी, सगळी जुन्या रेनकोटांच्या कापडाची. मी नेहमीप्रमाणे सरळ नाक लावायला निघाले आणि तुझं ते वाक्य आठवलं, "आई, आधी लांबून बघा, वास घ्यायला आल्यासारख्या काय जाता?" म्हणून थांबले. लांबून ती नुसती करडी होती, उदास. मग हळूहळू त्या करड्यातून एक हिरवट छटा वर आली, एक जांभळी, एक उंदराच्या पाठीसारखी. तुझं खरं आहे. लांबून बघायला धीर लागतो आणि माझ्याकडे तो कधीच नव्हता.

शेजारी एक लाल होती. टाके इतके लांब आणि वेडेवाकडे की माझ्या आईने पाठीत धपाटा घातला असता. मी मनात नावं ठेवत पुढे गेले, आणि परत आले, आणि पुन्हा परत आले. कुणीतरी घाईघाईत, रडू आवरत बोलतं ना, तसे टाके होते ते. नीट घातले असते तर गोधडी गप्प बसली असती.

पण सगळ्यांत आवडली ती अस्तरांची. नुसती कोटांची अस्तरं! काखेत विटलेली, खिशापाशी शाईचा डाग पडलेली, एका ठिकाणी शिंप्याची चिठ्ठीसुद्धा तशीच. माणसाच्या अंगाला लागून असतं ते सगळं भिंतीवर मांडलेलं. मला पाठीमागची शिवण बघायचीच होती, म्हणून कोपरा जरासा उचलला. पहारेकरीण धावत आली. "आजी, हात लावायचा नाही, तिकडे लिहिलंय." मी म्हटलं, "मला वाचता येतं, म्हणून तर तू तिकडे बघत असताना उचलला." हसली बिचारी.

ओळखीचं कुणी भेटलं नाही.

आपली दोघींची ती निळी गोधडी मागच्या खोलीत चौकटीवर तशीच ताणलेली आहे. तिच्यावर चादर टाकून ठेवली आहे. धूळ बसू नये म्हणून.

सवड झाली तर दोन ओळी लिही. नाही झाली तरी चालेल.

आशीर्वादांसह,
आई


सोमवार, १८ मार्च

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र तरी कसं म्हणावं, एकच तर ओळ: "आई, शनिवारी तुम्ही कोटांच्या मागे उभ्या होतात, मला तुमचे बूट दिसले."

ती वाचून मी कापडांच्या पेटीवरच बसले. लाज वाटली, आणि हसूही आलं. एवढ्या वयाची बाई दालनाच्या दाराशी लोकांनी टांगलेल्या कोटांत शिरून उभी, आणि खाली बूट उघडे.

होय, मी तुला पाहिलं. अस्तरांच्या गोधडीसमोर तू उभी होतीस, मान एका बाजूला कलती करून. केस कापले आहेस. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि पाय मागे गेले. तू निघेपर्यंत मी एका ओल्या लोकरीच्या कोटात तोंड घालून उभी होते. तू गेल्यावर मी ती गोधडी बघितली. कोपरा उचलला तो तेव्हा.

का लपले, ते मागच्या पत्रात लिहायचं टाळलं. आता टाळून काय उपयोग.

तू घर सोडून गेल्यावर थोड्याच दिवसांत चिरंजीवांनी मला सांगितलं होतं, "आई, तिच्याशी आता संबंध ठेवू नकोस." आणि मी मान हलवली होती. कारण तेव्हा तो जेवत नव्हता, आणि जेवत नसलेल्या मुलापुढे आई कशालाही मान हलवते. तुम्ही दोघं भांडत नव्हता, नुसते बोलत नव्हता. चूक कुणाची ते मी शोधायला गेले नाही आणि आताही जाणार नाही.

दुसरी गोष्ट लिहायला जास्त जड जाते आहे. तो पुन्हा लग्न करतोय. त्याच्या दवाखान्यात भूल द्यायला येते ती. मुलगी चांगली आहे, हेच तर अवघड आहे. वाईट असती तर मला नाक मुरडायला जागा मिळाली असती. मला म्हणाली, "तुम्ही विणता ना काहीतरी?" मी म्हटलं, "शिवते." ओशाळली, आणि लगेच दुरुस्त करून म्हणाली, "मला दाखवाल?" तिला मी काय दाखवणार? खोलीत होती ती गोधडी तुझी-माझी.

आणि त्यानंतरच चिरंजीव म्हणाले, "आई, ती निळी पूर्ण कर ना. आमच्या नव्या घरात पलंगावर छान दिसेल."

त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. त्याला ते नुसतं निळं कापड दिसत होतं. पण त्या दिवसापासून मी घरात टिकत नाही. बटणवाला, बस, तळं, सगळं तेव्हापासूनचं. डावीकडून मी, उजवीकडून तू, मधे कुठेतरी टाके भेटायचे होते. तुझी अर्धी बाजू माझ्या सुईने पुरी करून दुसऱ्या मुलीच्या अंगावर घालायची? हात वळेना.

तुझी ओळ आली त्याच संध्याकाळी जेवताना मी त्याला सांगितलं, "निळी गोधडी तुला मिळणार नाही. तुमच्यासाठी मी नवी शिवीन, तिच्या आवडीच्या रंगाची. आणि हो, मी भिंगरीला भेटणार आहे."

त्याने चमचा खाली ठेवला. "तिने मला सोडलं, आणि तू तिच्याबरोबर चित्रं बघत फिरणार?"

"गोधड्या."

"आई, तू माझी आई आहेस की तिची?"

मला वाटलं होतं, या प्रश्नापुढे मी पुन्हा मान हलवीन. नाही हलवली. म्हटलं, "तुझी आहे म्हणून इतके महिने गप्प बसले. तुमचं नातं तुम्ही दोघांनी मोडलंत, तो तुमचा हक्क. पण माझं आणि तिचं कुणी मोडलं? मला कुणी विचारलंच नाही. तुमच्या सामानाबरोबर मलाही वाटून टाकलंत."

तो ताट तसंच टाकून उठला. आत जाऊन दार लावलं, जोरात नाही, हळूच. हळूच लावलेलं दार जास्त लागतं. मला वाटलं होतं, एकदा बोलून टाकलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. रात्रभर त्याचं न जेवलेलं ताट डोळ्यांसमोर येत राहिलं.

पुढचे काही दिवस तो दवाखान्यातच जेवला. काल मी निघाले तेव्हा तो दाराशी आला.

"कुठे चाललीस?"

"पोस्टाच्या इमारतीत."

"एकटीच?"

"आज एकटीच."

तो बुटांकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तिचा उजवा सुळा दुखायचा. दाखवला का, विचार." आणि आत निघून गेला. त्याला राग आहेच. तो जाईल असंही मला वाटत नाही. पण त्याने मला अडवलं नाही.

तर ऐक. येत्या रविवारी प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. मी सकाळी दार उघडल्याबरोबर जाणार आहे. तू यावंस असं म्हणत नाही, मी असेन एवढंच सांगते. आलीस तर "आई" म्हण, "बाई" म्हण, नाहीतर नुसती शेजारी येऊन उभी राहा. तुझ्यावर आता सुनेचं कसलंही बंधन नाही. इतकी वर्षं तू माझ्याबरोबर यायचीस ते बंधन होतं म्हणून की नाही, हे मला कळत नाही, आणि या वयात ते न कळता राहायचं म्हणजे फार कठीण आहे गं.

सुळा दाखव. उशीर करू नकोस.

तुझी,
जी कोण उरले असेन ती