काचेच्या दाराबाहेरच्या चपला

ती. आबा,

लांबूनच पाया पडते. मी मजेत हाय. आईचा गुडघा कसा हाय?

हितं गोव्यात, हॉटेलच्या काउंटरवर, दिवसभर सॉरी म्हणावं लागतं. ऐकू न्हाई आलं तरी सॉरी, वाट मागायची तरी सॉरी, खोली शिल्लक नसली तरी सॉरी.

परवा तुमी आपल्या भाजे गावाहून नवा तांदूळ घेऊन आलात. काचेच्या दाराबाहेर चपला काढून, देवळात यावं तसं आत आलात. पाहुणे बघायला लागले, तवा मी त्यांना सॉरी म्हणाले. 'हे माझे वडील' असं म्हणाले न्हाई.

सॉरी म्हंजे चूक झाल्यावरच म्हणायचं, असं धरून तुमी हळूच विचारलं, "काय सांडलं व्हय गं?"

आबा, मला माझीच लय लाज वाटते. तांदळाचं गाठोडं अजून सोडलं न्हाई.

हे पत्र धाकट्या बबिताकडून मोठ्यानं वाचून घ्या.

आबांची मुलगी,
रंजना