नवरीचा आवाज

निपाणी
११ मार्च १९८४

सौ. अंबाआक्कास,

धाकट्या गुणाचा जयभीम. दाजींना आणि मालूलाही सांग. तुझं पत्र परवा हातात पडलं. तुझी कंबर अजून धरते का? भाताची सुगी कधीच आटोपली, आता तरी जरा टेकत जा. खानापुरात तुझ्यावाचून काही अडत नाही. इकडे सगळं ठीक आहे. वखार जोरात सुरू आहे, नाकातोंडात तंबाखूची भुकटी जाते आहे, म्हणजे नेहमीसारखंच.

आधी माझी बातमी. आक्का, मी नाटकात काम करते आहे!

हसू नकोस. तोंडाला रंग लावून उभं राहायचं नाटक नाही. नुसतं आवाजाचं, रेडिओवर लागतं तसं. कर्णा आणि बॅटरी भाड्यानं देणारा मारुतीराव तुला आठवत असेल. त्यानं टेपरेकॉर्डर घेतला आहे. एक दिवस वखार सुटताना आम्हाला गाठून म्हणाला, "बायांनो, तुमी दिसभर तंबाखूला चाळण मारत एकमेकींच्या नकला करताय, त्या टेपात भरू या की. सांगलीच्या रेडिओवर सांगलीची मानसं बोलत्यात, आपल्या गल्लीचा रेडिओ आपुन काढू." झालं! आता रोज संध्याकाळी विहाराची दारं-खिडक्या लावून आमचं नाटक टेपात भरणं चालू आहे. पंचवीस तारखेच्या रविवारी कर्ण्यावर लावणार.

गोष्ट अगदी साधी. सासू कोंबडं लपवते आणि चोरीचा आळ नव्या सुनेवर घेते. पण ऐन भांडणात ते कोंबडंच आरवतं. शेजारची शालूबाई सासूही झाली आहे आणि कोंबडंही. दोघांत फारसा फरक करावा लागत नाही. आणि सोळा वर्षांची नवी नवरी कोण, तर मी! चेहरा दिसत नाही म्हणून चालून जातं. शाळेत गुरुजी धडा वाचायला मलाच उभं करायचे, त्याचा आता उपयोग झाला बघ.

एकच ताप आहे. बोलणं रंगात आलं की कोणीतरी खोकतं. मारुतीराव टेप थांबवतो, कपाळाला हात लावतो. "जरा कळ काढा की गं! न्हायतर लोक म्हनतील दवाखान्याचं नाटक हाय." मग सगळ्याजणी तोंडात पदर कोंबून बसतात आणि तशाच खोकतात. शालूबाईला तर मी दोनदा झापलं. मी मात्र एकदाही खोकले नाही, हे अभिमानानं सांगते.

तुझ्या मालूचं म्हणशील तर वखारीत कामाला खुशाल पाठव. मुकादमाशी बोलून ठेवलं आहे. दाजी म्हणतात ते बरोबर आहे, पोरीच्या जातीला नववी पुष्कळ झाली. घरी बसून काय करणार? इथं माझ्या शेजारी बसेल, माझ्याबरोबर जेवेल, डोळ्यांसमोर राहील. तिची परीक्षा झाली की एक एप्रिलच्या गाडीत बसवून दे. मी स्टँडवर येते. मलाही सोबत होईल. आई गेल्यापासून ही खोली मला खायला उठते.

तुझी नाटकवाली बहीण,
गुणा


निपाणी
२७ मार्च १९८४

सौ. अंबाआक्कास,

गुणाचा जयभीम. मी बरी आहे.

मालूला येत्या रविवारी, एक तारखेला, पाठवू नकोस. माझ्या खोलीची कौलं फुटली आहेत, दुरुस्त करून घ्यायची आहेत. एका खोलीत दोघींची अडचण होईल. शिवाय वखारीत सध्या कामही ढिलं आहे, मुकादम नव्या पोरी घेत नाही. पुढचं पुढं बघू. दाजींना तसं सांग. राग मानू नकोस.

आक्का, एवढं लिहून मी पाकीट चिकटवलं होतं. मग पुन्हा फोडलं. वर लिहिलेलं सगळं खोटं आहे. कौलं शाबूत आहेत आणि मुकादम तर रोज विचारतो, "पोरगी कवा येती?"

खरं काय ते सांगते.

परवा रविवारी नाटक लागलं. विहारावर कर्णा बांधला होता. सगळी गल्ली पोतं, चटई, मिळेल ते टाकून बसली होती. मी नवी साडी नेसून शालूबाईशेजारी पुढंच. शालूबाईचं कोंबडं आरवलं तशी पोरं लोळायची बाकी राहिली. मग नवरी बोलायला लागली. माझा आवाज टेपात मी पहिल्यांदाच ऐकत होते. मारुतीरावानं आधी कोणालाच ऐकवलं नव्हतं. म्हटलं, बरा आहे की आपला आवाज.

नवरी लाजून म्हणते, "आत्याबाई, कोंबडं म्या न्हाय बघितलं," आणि तिच्या मागून एक म्हातारी खोकते. खोल, ओढून ओढून, शेवटी श्वास घेताना शिट्टी वाजते.

मला रागच आला. एवढी चांगली नवरी आणि हिनं वाट लावली. शालूबाईला कोपरानं ढोसलं.

"ही म्हातारी कोण गं? हिला आत कुनी घेतलं?"

"गप ऐक, गुणे."

नवरी पुढं बोलली. पुन्हा म्हातारी खोकली.

"अगं पन हाय कोण? एवढी म्हातारी आपल्यात कुठं हाय?"

शालूबाईनं माझा हात धरला. "तूच हाईस की गं ती," म्हणाली.

मला पटलं नाही. नाटक संपल्यावर तशीच मारुतीरावाकडे गेले. म्हटलं, माझा खोकला होता तर टेप थांबवला का नाहीस? बाकीच्यांचा थांबवत होतास की. तो मान खाली घालून वायर गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "कितींदा थांबवू, गुणाबाई? बाकीच्या मधनं मधनं खोकतात. तुमचं बोलन्यातच हाय ते. तुमाला ठावं हाय आसं वाटलं मला."

मला ठाऊक नव्हतं, आक्का. शपथेवर सांगते, मला आपण खोकतो हेच ठाऊक नव्हतं. वखारीत ऐंशी बायका दिवसभर खोकतात, त्यात कोणाचं काय हे कसं कळणार? आणि घरी सांगायला दुसरं माणूस कुठं आहे?

पण नुसता खोकला असता तर मी एवढी घाबरले नसते. ती शिट्टी मी ओळखली. तूही ओळखशील. आई वखारीतून आली, भाकरी थापून आडवी झाली की ती सुरू व्हायची. आपण दोघी एका वाकळेत. मी घाबरून रडायला लागले की तू माझ्या कानांवर हात ठेवायचीस आणि सांगायचीस, "झोप, रेल्वे चाललीया लांबनं." निपाणीत रेल्वे नाही, तरी मी खरंच रेल्वे समजायची. आई गेली आणि दुसऱ्या महिन्यात तिच्याच जागेवर, तिचीच चाळण घेऊन बसले. कोणी बळजबरी केली नाही. जागा रिकामी होती, मी बसले. आणि आता माझ्या शेजारची जागा मी मालूसाठी धरून ठेवली होती. मुकादमाच्या हातापाया पडून!

काल वखार बुडवून सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. कधीपासून आहे, विचारलं. मी म्हटलं, रविवारपासून. ते हसले नाहीत. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन छातीचा फोटो काढा म्हणाले. मी हो म्हणून बाहेर आले आणि घरी येऊन बसले. मला भीती वाटते, आक्का. फार भीती वाटते.

म्हणून नीट ऐक. नववी पुष्कळ झाली असं मी लिहिलं होतं, ते मी लिहिलंच नव्हतं असं समज. मालूला दहावीला बसव. दाजी चिडतील, चिडू देत. म्हणावं गुणानं शब्द फिरवला, ती तसलीच आहे. माझ्यावर किती राग काढायचा तो काढू देत, पण पोर वखारीत यायची नाही.

मारुतीराव टेप पुसून नवरी दुसऱ्या कोणाला देऊ का, असं विचारत होता. मी म्हटलं, ठेव, माझी भाची देईल आवाज. तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत मालूला दोन दिवस घेऊन ये. तिच्या चांगल्या, मोकळ्या गळ्यानं ती नवरी बोलू दे. नाटक भरून झालं की त्याच संध्याकाळी तिला परत ने. वखार कोणत्या रस्त्याला आहे हेसुद्धा मी तिला दाखवणार नाही.

आणि ह्या सोमवारी सकाळी तू बेळगावच्या स्टँडवर ये. मी निपाणीहून पहिल्या गाडीनं येते. आईच्या वेळी तू खानापुरातून निघू शकली नाहीस, त्याचं मी तुला कधी बोलले नाही, आजही बोलत नाही. पण फोटो काढायला मला एकटीनं जाववत नाही. आता शिट्टी माझ्याच छातीत आहे, कान झाकून ती थांबायची नाही. तरी तू ये, आणि तसेच हात ठेव.

तुझ्या पाठची,
गुणा