कंट्रोल नंबर सात

४ फेब्रु., मंगळ
दिवसभर मायक्रोस्कोप. एकीकडे बॅटरी कारखान्यातले भट्टीवाले, दुसरीकडे कंट्रोल, म्हणजे शिशाशी संबंध नसलेले लोक. डीएनए तुटला की पेशीला शेपटी फुटते. शेपट्या मोजणं, हीच माझी नोकरी.
कंट्रोल कमी पडले तेव्हा बाबांचं रक्त घेतलं होतं. ते पण रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्याच कारखान्यात, पण स्टोअरमध्ये. खुर्ची, रजिस्टर, पंखा.

५ फेब्रु.
कंट्रोल ७ ला शेपट्या. लांब. भट्टीवाल्यांहून लांब. दोनदा मोजल्या.
नंबर कोणाचा ते मला माहीत नसावं, असा नियम. पण लेबल मीच चिकटवलेलं, बाबांच्या नळीवर.
लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "एक ही तो है, हटा दो."
मी हो म्हणून मान हलवली. काहून हलवली?

७ फेब्रु.
आई आत गेल्यावर बाबांना विचारलं, भट्टीजवळ जाता का. बाबांनी ताट बाजूला सारलं.
"स्टोअर दिवाळीतच बंद झालं. भट्टीवर असतो."
सांगितलं काहून नाही?
"तू विचारलं कुठं? फॉर्मवर तूच स्टोअर लिहिलं. मी सही केली."
खरंय. घरचाच माणूस म्हणून न विचारता भरला होता.

८ फेब्रु.
रात्री लिहीत असते ती कथा अडकलीय. आज शेवटच्या वाक्यापासून उलटी लिहून पाहिली. चौथ्या ओळीत बाबा आलेच. फाडली.
बाबांना नेपियर टाउनच्या डॉक्टरकडे चला म्हटलं. तर म्हणे, तो पण विचारेल ना, काम काय करता.

१० फेब्रु.
मॅडमना सांगितलं, सात नंबर भट्टीवर आहे. नाव नाही घेतलं. त्या म्हणाल्या, मग भट्टीवाल्यांत टाक. नवीन रक्त, नवीन फॉर्म, त्यावर कारखान्याच्या साहेबांची सही.
कागदावर बाबा अजून स्टोअरकीपरच. फॉर्मवरून साहेबांना रक्ताचं कळलं, तर बाबा घरी बसणार. रिटायर व्हायला दोन वर्षं बाकी. नाही कळलं तर रोज भट्टी.
घरात कोणाशी बोलू? आई विचारून राहिली, तुझं पोट बरं नाही का.

११ फेब्रु., मंगळ
सकाळी बाबा स्वतःच बाही वर करून बसले.
"घेऊन घे बेटा. नाव मात्र माझं नको लिहू."
मग कोणाचं?
"ते तू बघ. शिकलेली तू आहेस."
पट्टा बांधला. शीर वर आली. बाबा खिडकीकडे बघून राहिले. फॉर्म मांडीवर, पहिलाच रकाना नावाचा. सुई अजून माझ्या हातात, रकाना कोरा.