पाळण्याच्या कड्या आणि तुम्ही दिलेली विळी

मु. चिंचणी, शनिवार, ता. १२ फेब्रुवारी १९६६

श्रीमान दादूदादा यांस, चिंचणीहून तुमचा मेहुणा भगवंत कातारी याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका बोटाला चिंधी आहे, तेवढी चालवून घ्यावी). तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि एडवणच्या घराचं गळकं कौल, तिन्ही आता ठीक असतील अशी आशा आहे. तुमची लेक पुष्पलता आणि तिचा मुलगा सुखरूप असल्याचं कळलं. फार आनंद झाला. लगेच बोटांवर दिवसही मोजले, कारण बारसं येत्या गुरुवारी, आणि आजोळच्या पाळण्याचे चारही खांब तुम्ही माझ्या गळ्यात घातलेले. वर, ते पालघरच्या व्याह्यांच्या डोळ्यांत भरले पाहिजेत, असा दम दिलेला.

प्रत्येक खांबावर तीन-तीन सैल कड्या हव्यात, हाही तुमचाच हट्ट. आता कडी काही वरून ओवता येत नाही. फिरत्या खांबाच्याच लाकडातून ती सोडवावी लागते, आणि त्याला करंगळीएवढं, टोकाशी वळलेलं आकडीचं हत्यार लागतं. माझं हत्यार वडिलांच्या हातचं. ते पहिल्याच खांबावर मोडलं (चिंधी तेव्हाची) आणि खांबही घेऊन गेलं. तुम्ही शिसवीचे पाच तुकडे पाठवले होते, आता चारच उरले. म्हणजे चुकायची सोय संपली.

नव्या हत्यारासाठी आधी बोईसर गाठलं. तारापूरला तो वीज काढायचा कारखाना उभा राहतोय, तेव्हापासून बोईसरच्या भंगारात काय वाटेल ते मिळतं अशी इथे बातमी आहे. भंगारवाल्याने एक सळई हातात दिली आणि 'काका, परदेसी माल है, लोहा भी काट देगा' असं शपथेवर सांगितलं. मी ती फडक्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आलो. घासून लाकडाला लावली, तर लाकूड जसंच्या तसं आणि सळईच वाकली. रंभाबाई म्हणाली, नाडी ओवायला ठेवा. (तुमच्या बहिणीचं बोलणं तुम्हाला ठाऊक आहे. मला ते रोज ताजं मिळतं.)

मग जुनी कानस घेऊन बेटेगावच्या नवशा लोहाराकडे गेलो. नवशाचा हात चांगला, पण तोंड हाताच्या पुढे. कोयते करण्यात जन्म गेलेल्या माणसाला करंगळीएवढं हत्यार सांगितलं, तर तो आधी पोटभर हसला. मग कानस लाल करून आकडी वळवली आणि पाणी पाजता पाजता गावात कुणाची सोयरीक कशी मोडली ते सांगत सुटला. पाणी पाजलं की पोलाद कडक होतं, पण पुन्हा जरा शेकून तो कडकपणा उतरवावा लागतो. तिसरी सोयरीक मोडेपर्यंत ते शेकणं राहूनच गेलं. घरी आणून हत्यार लाकडाला टेकवलं मात्र, टोक उडालं आणि थेट डाळीच्या पातेल्यात पडलं. ते सापडेपर्यंत कुणी जेवलं नाही.

आता खरं सांगतो. तुम्ही रंभाबाईला लग्नात दिलेली विळी आठवत असेल. अठरा वर्षं सुरमई कापतेय, पण धार जात नाही. रंभाबाई बाजारात बोंबील आणायला गेली असताना मी त्या विळीचं टोक चार बोटं उतरवलं, खवणीसकट. (नारळ न खवता किनाऱ्यावर किती दिवस काढता येतात, ते आता कळतंय.) पोलाद म्हणजे काय सांगू! स्वतः वळवलं, स्वतः शेकलं, मनगटावरचे केस साफ उतरवतं. पण आमचा लाकूड कातायचा सांगाडा दोरीवर फिरतो आणि दोरी ओढते रंभाबाई. तिने दोरी सोडून दिली. चार दिवस झाले. हत्यार तयार, लाकूड तयार, मी तयार, आणि खांब जागचा हलत नाही.

तेव्हा पाळण्याला उशीर झालाच, तर दोष बोईसरचा, बेटेगावचा आणि थोडा तुमचा, की इतकं चांगलं पोलाद बहिणीला दिलंत.

तुमचा निरुपाय झालेला,
भगवंत

ता. क. खरं काम असं, की कुणाबरोबर तरी लगोलग नवी विळी पाठवा आणि सोबत चार ओळी. रंभाबाईला वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. जुनी विळी तशीही मोडायलाच आली होती, एवढं लिहिलंत तरी पुरे.

आणखी ता. क. (सोमवार) पोस्टात टाकायला दिलेलं हे पत्र रंभाबाईने शनिवारीच शेजारच्या इंदुबाईंकडून वाचून घेतलं. पुढचं ती सांगते आहे आणि मी लिहितो आहे. इंदुबाई तपासायला उभ्या आहेत, त्यामुळे एक शब्द बदलता येत नाही.

'दादा, मी रंभी. विळीचा राग हाय, तो मी यांच्याशी बघून घेईन. पण दोरी मी त्यासाठी सोडली नाय. पहिला खांब मोडला तवापासून यांचा हात थरथरतोय, ते यांनी तुला लिवलं नाय. मी दोरी ओढली असती तर उरलेले चारपण फुटले असते, आनी पुष्पीला सासरी तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हनून काल यांना दोरीवर बसवलं आनी हत्यार मी धरलं. अठरा वर्सं समोर बसून बघतेय मी. आज चारी खांब झाले. बारा कड्या मोकळ्या फिरतात. (खरंच फिरतात, दादा. मी एकेक कानाशी हलवून पाहिली आणि मला रडू आलं. भगवंत) बुधवारच्या गाडीनं आमी येतो. विळी तिथंच तयार ठेव. आनी व्याह्यांनी विचारलं, खांब कुनी केले, तर यांचं नाव सांगू नको. माझं सांग.'